रोजचा ताण वेळीच कसा ओळखावा आणि तो कसा उतरवावा?

गोदाकाठ

नमस्कार.

मोठ्या संकटाचा ताण ओळखायला कोणाची मदत लागत नाही. घरात गंभीर आजारपण आले किंवा नोकरी गेली, तर आपल्याला ते कळते आणि चार माणसे विचारपूसही करून जातात. मला बोलायचे आहे ते रोजच्या ताणाविषयी. नाशिकच्या द्वारका चौकातली सकाळची कोंडी, साहेबांचा रात्री साडेदहाला आलेला संदेश, पाच तारखेचा हप्ता, मुलीच्या क्लासची फी, आईचे गुडघे, यांपैकी एकही गोष्ट एवढी मोठी नसते की तिच्यासाठी कोणी रजा काढावी. शरीर मात्र या सगळ्यांची बेरीज करत राहते. ती बेरीज कधी हाताबाहेर गेली, हे आपल्याला फार उशिरा कळते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. धोका जाणवला की मेंदूच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांच्या वरच्या बाजूला असलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन सोडतात. त्यामुळे छाती धडधडते, स्नायू आवळले जातात आणि पचन मंदावते. त्यापाठोपाठ कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते आणि रक्तातली साखर चढी ठेवते. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले होते. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य अशा अगदी निरनिराळ्या त्रासांना उंदरांचे शरीर जवळजवळ एकाच पद्धतीने प्रतिसाद देते, असे त्याला आढळले होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण मनात वाहतुकीचा वैताग, पैशाची काळजी आणि घरातली कुरबुर असे वेगवेगळे कप्पे करतो, पण शरीराकडे त्या सर्वांसाठी मुख्यतः एकच यंत्रणा आहे. ही यंत्रणा थोड्या वेळासाठी चालू होऊन बंद होणे अपेक्षित असते. ती दिवसभर अर्धवट चालूच राहिली, की मान आखडणे, आम्लपित्त, पहाटे तीनला जाग येणे आणि क्षुल्लक कारणावरून चिडणे हे सगळे सुरू होते.

माझे निरीक्षण असे आहे की प्रत्येकाची पहिली खूण वेगळी असते आणि ती बहुतेक वेळा त्या माणसाच्या आधी घरच्यांना दिसते. म्हणून मी घरात सरळ विचारले, “माझ्यावर ताण आला, की तुम्हाला सर्वांत आधी काय दिसते?” पत्नीने क्षणाचाही विचार न करता सांगितले, “तुम्ही ताटाकडे न बघता जेवता. भाजी दुसऱ्यांदा वाढायच्या आत पोळी संपलेली असते.” मुलगी म्हणाली की मी तिचे वाक्य पूर्ण होण्याआधीच “हो, हो” म्हणतो. या दोन्ही गोष्टी डोके दुखायला लागण्याच्या कितीतरी आधी सुरू होतात, त्यामुळे आता त्याच माझ्या इशाऱ्याच्या खुणा आहेत. हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरी विचारावा, अशी माझी मनापासून सूचना आहे. एकट्या राहणाऱ्यांनी तो शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला विचारावा.

ताण उतरवण्याविषयी मी पुढे लिहीनच. त्याआधी आपली खूण कोणती आणि आपल्याला प्रत्यक्ष काय उपयोगी पडले, हे इतरांकडून सविस्तर वाचायला आवडेल. ‘सकारात्मक विचार करावा’ एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.


अंबड_तिसरी_पाळी

गोदाकाठ साहेब, हा विषय काढल्याबद्दल आभार. मी अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रावर काम करतो. पाळी दर आठवड्याला बदलते.

माझी खूण मला दंतवैद्यांनी सांगितली. दाढ दुखते म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आरसा आत घालून पाहिले आणि दाढ किडलेली नाही, पण दाढांचे कंगोरे झिजून सपाट झाले आहेत, असे सांगितले. नंतर त्यांनी विचारले, “रात्री दात खाता का?” मला काहीच माहीत नव्हते. घरी विचारले, तर पत्नी म्हणाली की रात्रपाळीचा आठवडा संपल्यावर तो आवाज हमखास येतो. तेव्हापासून मी जागेपणी जबड्याकडे लक्ष ठेवू लागलो आणि असे दिसले की मालाचे रिजेक्शन वाढले किंवा सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले, की माझे दात घट्ट मिटलेले असतात आणि खांदे कानांच्या दिशेने वर गेलेले असतात.

दंतवैद्यांनी सांगितलेली एक साधी गोष्ट मी करतो. ओठ मिटलेले असले, तरी वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, जीभ सैल असावी. यंत्रात जॉब, म्हणजे घडवायचा भाग, लावला की तो पूर्ण होईपर्यंतचा सायकल टाइम संपेपर्यंत हात रिकामे असतात. तेवढ्यात मी जबडा सैल सोडतो, खांदे खाली आणतो आणि हळू श्वास सोडतो. दिवसभरात हे आपोआप अनेकदा होते आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. कामगाराला सकाळी अर्धा तास ध्यान करा म्हणून सांगणे सोपे असते, पण पहिल्या पाळीची बस पहाटे येते आणि त्याआधी डबा भरायचा असतो. कामाच्या मध्येच बसवता येईल असा उपाय असेल, तरच तो टिकतो.

रात्रपाळीनंतरची झोप हा आमचा खरा प्रश्न आहे. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की मेंदू दिवस सुरू झाला असे समजतो. म्हणून घरी पोहोचल्यावर मी उन्हात रेंगाळत नाही. खोलीला जाड गडद पडदे लावले आहेत आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवतो. दुपारी दोनपर्यंत बेल वाजवू नये, असे घरात, दूधवाल्याला आणि शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवले आहे. घरच्यांनी ही झोप इतरांच्या रात्रीच्या झोपेइतकीच गंभीरपणे घेतली, यानेच मला सर्वांत जास्त आराम पडला.

आमच्याकडे ताण आला की तंबाखू मळणे आणि चहा पिणे हे दोन उपाय सर्रास चालतात. त्याबद्दल जाणकारांनी लिहावे.


पंचवटीतील_डॉक्टर

मी सामान्य रोगांवर उपचार करणारा डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण ताणाचे रुग्ण आधी आमच्याकडेच येतात, कारण ते ताण घेऊन येत नाहीत. ते पोट, पाठ, डोके किंवा छाती घेऊन येतात.

तंबाखूविषयी आधी सांगतो. तंबाखू खाणाऱ्याला किंवा ओढणाऱ्याला तिने बरे वाटते, हा त्याचा अनुभव खरा असतो. मात्र ते बरे वाटणे बहुतांशी निकोटिनची तलफ भागल्याचे असते. मागच्या चिमटीचा अंमल उतरला, की अस्वस्थता वाढते, पुढची चिमूट ती शमवते आणि माणसाला वाटते की आपला ताण गेला. निकोटिन स्वतः हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. चहा आणि कॉफीतल्या कॅफिनचे प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून अधिक. संध्याकाळी सहानंतरचा कडक चहा रात्री अकरालाही अर्धा शिल्लक असतो, हे ज्यांना झोप लागत नाही त्यांनी लक्षात घ्यावे. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची चिडचिड वाढते.

आता मला जे सर्वांत तळमळीने सांगायचे आहे ते सांगतो. ‘ताणामुळे होत असेल’ हा निष्कर्ष शेवटी काढायचा असतो, सुरुवातीला नव्हे. छातीत दाब येणे, तो दाब डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम येणे, दम लागणे, असे काही झाले तर दीर्घ श्वास घेत घरी बसून राहू नये. लगेच रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्यावा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये ही लक्षणे पुष्कळदा सौम्य किंवा वेगळी असतात, केवळ मळमळ आणि थकवाही असू शकतो. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही धडधड, थकवा आणि चिडचिड दिसते. साध्या रक्ततपासणीतून हे कळते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ज्यांना मधुमेह आहे, त्यांची साखर नेहमीचे औषध आणि तेच जेवण असूनही ताणाच्या दिवसांत वाढते, तेव्हा त्या काळात ती जरा जास्त वेळा तपासावी.

हे सगळे तपासून झाले आणि काही सापडले नाही, तर रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगणे मला योग्य वाटत नाही. त्याचे दुखणे खरे असते. ते कशामुळे आले, एवढेच आता समजलेले असते.


दिंडोरी_द्राक्षबाग

मी हा धागा दुपारपासून वाचते आहे. आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. इथे सांगितलेले श्वासाचे आणि झोपेचे उपाय चांगले आहेत, पण मला एक प्रश्न पडतो. ताण ज्यामुळे आहे ती गोष्ट तशीच उभी असेल, तर श्वास सोडून काय उपयोग?

ऑक्टोबर छाटणी झाली की बाग उतरेपर्यंत आमच्या घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही. फुलोऱ्यात पाऊस आला तर घडकुज होते आणि ढगाळ हवा राहिली तर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. मण्यांत साखर भरल्यावर पाऊस आला तर मण्यांना तडे जातात, मग तो माल व्यापारी हातात धरत नाही. मागच्या हंगामात एक व्यापारी माल उचलून गेला आणि अर्धे पैसे अजून आलेले नाहीत. औषधांच्या दुकानाची उधारी आणि सोसायटीचे कर्ज मात्र थांबत नाही.

माझ्या यजमानांची खूण मला ठाऊक आहे. ते रात्री दोन-तीन वेळा उठून पडवीत जातात, आभाळ बघतात, मोबाइलवर हवामान बघतात आणि परत येऊन छताकडे बघत पडून राहतात. दिवसा काम नसले तरी बागेतच बसतात. पूर्वी पारावर बसायचे, आता तिथे गेले तर कोणी पैशाचे विचारील म्हणून तिकडे फिरकत नाहीत. मी काही विचारले तर “काही नाही” एवढेच उत्तर मिळते. मी त्यांना बोलते कसे करावे, हे कोणी सांगू शकेल का?


गोदाकाठ

ताई, तुमचा प्रश्न या धाग्याच्या मुळाशी जाणारा आहे. त्यांना बोलते कसे करावे यावर डॉक्टरांनी लिहावे अशी माझी विनंती आहे. मी पहिल्या भागाविषयी लिहितो.

ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मानसशास्त्रात स्वतंत्रपणे सांगितले जातात. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ही मांडणी विस्ताराने केली. एका मार्गात अडचणीलाच हात घातला जातो आणि दुसऱ्यात अडचणीमुळे उठलेली खळबळ शांत केली जाते. आपल्याकडे बहुतेक सल्ले दुसऱ्या प्रकारचे असतात, म्हणून तुमच्यासारख्या व्यक्तीला ते पोकळ वाटतात, आणि ते वाटणे बरोबर आहे. पण पहिल्या मार्गाला दुसऱ्याची गरज लागते, असे मला वाटते. रात्रभर जागलेला माणूस बँकेच्या अधिकाऱ्यापुढे बसून आपली बाजू नीट मांडू शकत नाही. त्याला आकडे आठवत नाहीत, तो एक तर गप्प बसतो किंवा चिडतो. आधी अंगातली खळबळ थोडी उतरवायची आणि मग त्या उसंतीत अडचणीचे एक टोक धरायचे, असा क्रम मी सुचवीन.

कर्जाच्या बाबतीत ते टोक बहुधा कागद असते. सोसायटी, बँक, दुकान, नातेवाईक अशी सगळी देणी एका कागदावर लिहिली, प्रत्येकापुढे रक्कम, व्याज आणि तारीख मांडली, की डोक्यात फिरणारा आकडा स्थिर होतो. तो लहान होत नाही, हे मान्य आहे. पण कोणाला आधी द्यायचे, कोणाकडे मुदत मागायची आणि कोणाशी आज फोनवर बोलायचे, हे ठरवता येते. हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन अडचण सांगणाऱ्याला कर्जाच्या पुनर्गठनाविषयी, म्हणजे हप्ते आणि मुदत नव्याने ठरवून घेण्याविषयी, विचारता येते, आणि हप्ते थकल्यानंतर तेच बोलणे फार अवघड होऊन बसते. येणे असलेल्या पैशांचीही अशीच मांडणी करून, त्याच व्यापाऱ्याकडे ज्यांचे पैसे अडकले आहेत अशा इतर बागायतदारांना बरोबर घेऊन पाठपुरावा करावा. पाऊस आपल्या हाती नाही. तेव्हा हवामानाचा अंदाज सकाळी एकदा आणि फवारणी ठरवताना संध्याकाळी एकदा बघायचा, एवढे ठरवून घेता येईल. रात्री दोन वाजता बघितलेल्या अंदाजावर त्या घडीला करण्यासारखे काही नसते.

खळबळ शांत करण्यासाठी जे मला खात्रीने उपयोगी वाटते, तेही इथेच नोंदवतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीर शांत होऊ लागते. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. या गतीने मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटे पुरतात. छाती फुगवून मोठमोठे श्वास घेऊ नयेत, त्याने चक्कर येते. ज्यांना श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट घाबरल्यासारखे होते, त्यांनी डोळे उघडे ठेवून तळपाय जमिनीवर घट्ट टेकवावेत आणि आसपासच्या वस्तू सावकाश न्याहाळाव्यात. दुसरा मार्ग एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केला. मूठ पाच-सात सेकंद आवळायची आणि मग एकदम सैल सोडून तो सैलपणा अनुभवायचा, नंतर दंड, खांदे, कपाळ, पोट, मांड्या, पोटऱ्या असे करत जायचे. ज्याला आपले अंग आवळलेले आहे हेच कळत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत श्वासापेक्षा बरी, कारण तिच्यात आवळणे आणि सोडणे यांतला फरक हाताला जाणवतो.


सातपूरवासी

मी रोज कपालभाती करतो. ताणासाठी ती पुरेशी आहे का?


पंचवटीतील_डॉक्टर

कपालभाती वेगाने श्वास बाहेर टाकण्याची क्रिया आहे. तिने तरतरी येते, पण आधीच धडधड होत असेल तर त्या घटकेला ती टाळावी आणि वर सांगितलेला मंद श्वास घ्यावा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गर्भारपण असेल तर विचारल्याशिवाय करू नये. त्याशिवाय चालणे हवे. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाची आहे. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी जी गर्दी दिसते, तिच्यातले बरेच जण वजनासाठी येतात, पण झोप आणि मनःस्थिती सुधारल्याचे ते मला वजनाच्या आधी सांगतात.


सिडकोतील_शिक्षिका

मी माध्यमिक शाळेत शिकवते. मोठ्यांबरोबर मुलांच्या ताणाचाही विचार इथे व्हावा.

दहावी-बारावीची मुले ‘मला ताण आला आहे’ असे सहसा म्हणत नाहीत. त्यांचे पोट दुखते. परीक्षेच्या किंवा क्लासच्या चाचणीच्या दिवशी सकाळी दुखते आणि रविवारी दुखत नाही. पालक याला नाटक समजतात आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण ताणात आतड्यांची हालचाल खरोखर बदलते आणि मुलाला खरोखर कळा येतात. दुसरी खूण अशी की हुशार मूल एकाच पानावर तासभर बसून राहते. तिसरी म्हणजे अक्षर. वर्गात वह्या तपासताना एखाद्या नीटनेटक्या मुलीचे पेन कागदात रुतू लागलेले दिसते, मागच्या पानावर उमटलेली अक्षरे बोटाला लागतात. अशा मुलीला मी मधल्या सुट्टीत थांबवून घेते आणि गुणांविषयी एक शब्दही न बोलता झोप किती वाजता लागते, एवढेच विचारते.

थोडा ताण अभ्यासाला मदतच करतो, ही पालकांची समजूत चुकीची नाही. येर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दाखवले होते की अवघड काम शिकताना उत्तेजन एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडते आणि त्यापुढे शिकणे बिघडते. आपल्या मुलाची ती मर्यादा ओलांडली गेली आहे का, हे पालकांनी बघायचे असते. कॉलेज रोडवरच्या क्लासमधून रात्री नऊला परतलेल्या मुलाला दारातच ‘किती मिळाले?’ असे विचारण्याऐवजी आधी जेवायला वाढावे. जेवणाच्या वेळी गुणांचा विषय काढायचा नाही, एवढा एक नियम ज्या घरांनी पाळला, तिथली मुले मला वर्गात निवांत दिसतात.


पंचवटीतील_डॉक्टर

दिंडोरीच्या ताईंना उत्तर द्यायचे राहिले होते.

ताई, त्यांना समोर बसवून विचारू नका. समोरासमोर बसवले की पुरुषाला जाब विचारल्यासारखे वाटते. बागेत एकत्र डिपिंग करताना (घड द्रावणात बुडवताना), गाडीवरून जाताना, चालताना, म्हणजे दोघांची नजर एकाच दिशेला असताना बोलणे सोपे जाते. ‘काय झाले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेलेच आहे. त्याऐवजी तुम्ही जे पाहिले तेच सांगा. ‘तुम्ही रात्री तीनदा उठता, मी जागी असते, मला काळजी वाटते,’ एवढे म्हणून गप्प राहा. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. ते बोलू लागले तर लगेच उपाय सुचवू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या.

पुढचे वाक्य लिहिताना मी पूर्ण विचार केला आहे. लोकांना टाळणे, रात्रीची झोप जाणे आणि कर्जाची लाज वाटणे हे एकत्र दिसत असेल, तर ‘जगू नये असे मनात येते का?’ हे त्यांना स्पष्ट शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारले, याने सुटकाच वाटते. उत्तर काहीही येवो, फवारणीची औषधे घरात किंवा पडवीत ठेवू नका. ती कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्या. आवेगाची ती वेळ पुष्कळदा थोडक्या अवधीची असते आणि त्या अवधीत हाताशी काही नसणे, याने जीव वाचतात. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते, आणि फोन घरच्या माणसानेही करायला हरकत नाही.

सर्वांसाठी एक सर्वसाधारण मर्यादा सांगतो. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ टिकले, तर तो रोजचा ताण राहिलेला नाही असे समजून तज्ज्ञांना भेटावे.


निवृत्त_नाशिकरोड

मी नाशिकरोडच्या मुद्रणालयातून निवृत्त झालो. पत्नीला पक्षाघात झाल्यापासून तिची शुश्रूषा मी करतो. आमच्यासारख्यांचा ताण असा असतो की त्याविषयी बोलणेच अपराध वाटते, कारण आजारी ती आहे आणि मी धडधाकट आहे.

माझी खूण म्हणजे तिने हाक मारली की मी उठण्याआधी डोळे मिटून घेतो. हे लक्षात आल्यावर मी मुलाला स्पष्ट सांगितले की मला पैसे नकोत, दर शनिवारी दोन तास तू आईजवळ बस. त्या दोन तासांत मी मुक्तिधामला जातो, तिथे बाकावर बसतो, कधी जुने सहकारी भेटतात. परत आल्यावर तिचा हात धरून व्यायाम करून घेताना माझा आवाज वेगळा असतो, असे तीच मला म्हणाली. शुश्रूषा करणाऱ्यांनी ‘कोणी मदत करील’ याची वाट न पाहता वार, वेळ आणि काम ठरवून मागावे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणारे पुष्कळ असतात आणि ते मनापासून म्हणत असतात. त्यांना नेमके काय करायचे तेच कळत नसते.


दिंडोरी_द्राक्षबाग

सर्वांचे मनापासून आभार. काल विरळणीच्या वेळी मी डॉक्टरांनी सांगितले तसेच बोलले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला कोणाचे किती देणे आहे ते सांगितले. त्यांतली दोन देणी मला माहीतच नव्हती. मी तो प्रश्नही विचारला. त्यांनी ‘नाही’ म्हटले आणि नंतर, ‘पण निघून जावे असे वाटते’ म्हणाले. औषधांची खोली माझ्या दिरांनी कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली आहे. सोमवारी सोसायटीत जायचे आहे. पण झोप अजून नाही आणि झोपेसाठी त्यांनी गावातल्या दुकानातून गोळ्या आणल्या आहेत. त्या द्याव्यात का?


पंचवटीतील_डॉक्टर

ताई, तुम्ही फार मोलाचे काम केले आहे. त्या गोळ्या देऊ नका. झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते आणि दारूबरोबर त्या धोकादायक ठरतात, म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्या घ्यायच्या नसतात. पाकीटही दिरांकडेच ठेवायला द्या. ‘निघून जावे’ हे बोलणे मी हलके समजत नाही, तेव्हा सोसायटीच्या आधी, उद्याच, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. खासगी तज्ज्ञांचा खर्च अवघड असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा. दिरांना बरोबर घ्या आणि आज रात्री यजमानांजवळ कोणीतरी जागे राहील असे बघा. जाताना त्यांच्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, या दुकानातून आणलेल्या गोळ्यांसकट, घेऊन जा, आणि ते रात्री कधी उठतात, दिवसा किती जेवतात, हे एका कागदावर लिहून न्या. तपासताना ते स्वतः हे सांगणार नाहीत.